साठ युनिट्स भरली की झालं, असं नसतं ताई

पत्र थोडक्यात असं: फ्रीमाँटहून एका आईने लिहिलंय. मुलाला हायस्कूलनंतर यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एकाही कॅम्पसला कंप्युटर सायन्स मिळालं नाही, म्हणून तो फॉल २०२५ पासून ईस्ट बेमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात जातोय, दोन वर्षांनी तिथून यूसीला ट्रान्सफर घ्यायची असं ठरलंय. नणंदेच्या मुलाने चार-पाच वर्षांपूर्वी हेच केलं होतं, त्याची एक्सेल शीट घरात आहे आणि प्लॅन त्यावरूनच चाललाय. पहिल्या वर्षी सोपे जीई (जनरल एज्युकेशन, सगळ्यांना लागणारे) कोर्स घेऊन जीपीए (ग्रेड्सची सरासरी) पक्का करायचा, अवघड मॅथ आणि सीएस दुसऱ्या वर्षी. पहिल्या सेमिस्टरला इंग्लिश, सायकॉलॉजी, हिस्टरी आणि आर्ट झालं, चारही ए. आता स्प्रिंगसाठी स्टॅटिस्टिक्स, सोशिऑलॉजी, कम्युनिकेशन आणि बायोलॉजी टाकलंय. पण मुलगा म्हणतो मला कॅल्क्युलस आत्ताच घ्यायचंय आणि तरी तीन वर्षं लागतील. आईवडिलांना तीन वर्षं म्हणजे वर्ष वाया वाटतंय, मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की "इथेच लोकल कॉलेजला" एवढंच सांगतात. प्रश्न असा की मुलाला दोन वर्षांतच संपव असं ठामपणे सांगावं का.

ताई, सगळ्यात आधी ते स्प्रिंगचं शेड्यूल बघू, कारण बाकीचं सावकाश बोलता येईल पण रजिस्ट्रेशन थांबत नाही. तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे, कॅल्क्युलस आत्ताच घ्यायला हवं. आणि स्टॅटिस्टिक्स टाकलंय ते का टाकलंय ते पण मला कळतंय, शीटमध्ये "मॅथ - १ कोर्स" असं लिहिलेलं असणार आणि स्टॅटने तो रकाना भरतो. भरतोच, खोटं नाही. यूसीला मिनिमम जे सात कोर्स लागतात ना, दोन इंग्लिश, एक मॅथ आणि बाकीचे चार निदान दोन वेगळ्या एरियातले, त्यातलं मॅथ स्टॅटने होऊन जातं. पण तो झाला यूसीत अर्ज करायला पात्र होण्याचा हिशोब. सीएसला घेतील का, हा हिशोब पूर्ण वेगळा आहे आणि तिथे स्टॅटने गाडी इंचभरही पुढे जात नाही.

इथे बहुतेक घरांत गोंधळ होतो म्हणून जरा थांबते. एखादा कोर्स "यूसी ट्रान्सफरेबल" आहे म्हणजे त्याची युनिट्स (क्रेडिट्स) यूसी मोजेल, एवढंच. तो कोर्स तुमच्या मेजरला (मुख्य विषयाला) लागणाऱ्या अमुक कोर्सच्या बदल्यात चालेल का, याला आर्टिक्युलेशन म्हणतात आणि ते प्रत्येक कॉलेज, प्रत्येक कॅम्पस, प्रत्येक मेजरसाठी वेगवेगळं लिहिलेलं असतं. आर्ट ॲप्रिसिएशन ट्रान्सफरेबल आहे. सोशिऑलॉजी ट्रान्सफरेबल आहे. असे ट्रान्सफरेबल कोर्स घेत घेत ट्रान्सफरला लागणारी साठ युनिट्स आरामात भरतात आणि मुलगा साठ युनिट्स, चारच्या जवळचा जीपीए घेऊन उभा राहतो, पण सीएसच्या मेजर प्रेपच्या (मेजरसाठी आधी करायच्या कोर्सच्या) यादीतलं अर्धं रिकामं. अशा मुलाला बरेच कॅम्पस सीएससाठी दारातूनच परत पाठवतात. यूसीचा मिनिमम जीपीए कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४ आहे, पण सीएसला तो आकडा विसराच, बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो अशा ठिकाणी घेतलेल्या मुलांचे जीपीए चारच्या जवळपास असतात, आणि ते सुद्धा कॅल्क-फिजिक्स धरून. त्यामुळे आर्टमधल्या ए ने जीपीए "पक्का" होतो ही समजूत सोडून द्या, अर्ज वाचणारा माणूस मॅथ आणि प्रोग्रॅमिंगच्या ग्रेड्स शोधत असतो.

आता त्या सात कोर्सचाच हिशोब तुमच्या मुलाला लावून बघा. इंग्लिश एक झालं. सायकॉलॉजी, हिस्टरी, आर्ट, तीन झाले. पुढे फिजिक्स घेणारच आहे, चौथा झाला. कॅल्क घेतलं की मॅथ झालं. राहिलं काय, फक्त दुसरं इंग्लिश. म्हणजे पहिलं सेमिस्टर वाया गेलेलं नाही, पण अजून एक सेमिस्टर त्याच पद्धतीने घालवायचं काहीच कारण उरलेलं नाही. स्टॅट, सोशिऑलॉजी, बायोलॉजी काढा. कॅल्क १, पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स, दुसरं इंग्लिश, आणि झेपत असेल तर कम्युनिकेशन राहू द्या, ते जीईत लागतं.

नणंदेच्या मुलाची शीट. त्याने कष्टाने बनवली असेल आणि त्याचं काम झालं, पण ती आता जुनी झाली हो. तेव्हा जीईचा पॅटर्न आयगेट्सी (IGETC) होता. फॉल २०२५ पासून सुरू करणाऱ्या मुलांना कॅल-गेट्सी (Cal-GETC) लागतो, सगळे मिळून ३४ युनिट्स, त्यात ओरल कम्युनिकेशन आणि एथ्निक स्टडीज सगळ्यांनाच आहे, आणि आधी यूसीसाठी जी परकीय भाषेची अट होती ती या पॅटर्नमध्ये नाही. शिवाय कोर्सचे नंबरही बदलायला लागलेत, सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत एकच नंबर असावा म्हणून कायदा झालाय, त्यामुळे शीटमधलं इंग्लिश १०१ का काय ते आता कॅटलॉगमध्ये सी १००० म्हणून दिसेल आणि तुम्ही शोधत बसाल. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पूर्ण जीई पॅटर्न संपवणं ही यूसीत प्रवेशाची अटच नाही. सीएस, इंजिनिअरिंग अशा जड मेजरवाल्यांना तर आधी मेजर प्रेप संपवा, राहिलेलं जीई तिकडे जाऊन करा असंच सांगतात.

मला वाटतं याचं मूळ आपल्या सवयीत आहे. आपण शिकलो तेव्हा विद्यापीठाने सिलॅबस ठरवला, एफवायला हे विषय, एसवायला हे, आपण फॉर्म भरायचा आणि अभ्यास करायचा, कुठला पेपर कुठल्याच्या आधी याचा विचार आपल्याला कधी करावा लागला नाही. डिप्लोमावाला डायरेक्ट सेकंड इयरला यायचा तरी टक्के आणि कॅप राउंड एवढंच बघायचा. इथे तो क्रम मुलाने स्वतः लावायचा असतो, आणि काउन्सेलर मदत करतात पण एकेकाकडे इतकी मुलं असतात की अर्ध्या तासात ते जनरल प्लॅन देतात. त्यांना दोष नाही. मुलाने "मला या चार कॅम्पसला हे मेजर हवंय, ही माझी साखळी, यात कुठे चुकतंय" असं घेऊन गेलं तर तोच अर्धा तास सोन्याचा होतो.

साखळी म्हणजे काय ते मांडते. कॅल्क १ शिवाय कॅल्क २ नाही, कॅल्क २ शिवाय कॅल्क ३ नाही आणि बहुतेक कॉलेजांत लिनिअर अल्जिब्राही नाही. मेकॅनिक्सच्या फिजिक्सला कॅल्क १ लागतं, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमच्या फिजिक्सला मेकॅनिक्स झालेलं लागतं आणि कॅल्क २ सुद्धा. प्रोग्रॅमिंग १, मग २, मग डेटा स्ट्रक्चर्स. डिस्क्रीट मॅथ मध्येच कुठेतरी. यातली सगळ्यात लांब साखळी जेवढ्या सेमिस्टरची, तेवढा वेळ लागणारच, मुलगा कितीही हुशार असो, कारण दोन कड्या एकाच सेमिस्टरला घेता येत नाहीत. म्हणून प्लॅन शेवटाकडून करायचा. शेवटच्या स्प्रिंगला काय संपलेलं हवं ते लिहायचं आणि मागे मागे यायचं.

तुमच्या मुलाचं लावून बघू. स्प्रिंग २०२६ कॅल्क १ आणि प्रोग्रॅमिंग १. समरला प्रोग्रॅमिंग २. फॉलला कॅल्क २, मेकॅनिक्स, डेटा स्ट्रक्चर्स. मग स्प्रिंग २०२७ ला कॅल्क ३, लिनिअर अल्जिब्रा, दुसरं फिजिक्स, डिस्क्रीट, चारही एकदम. कागदावर दोन वर्षांत बसलं! पण ते शेवटचं सेमिस्टर बघा ना, त्यात एकही कोर्स हलका नाही, एक जरी घसरला तरी ॲडमिशनची अट मोडते, कारण मेजर प्रेप आणि साठ युनिट्स ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपवायची असतात.

आणि याहून मोठी गोष्ट, जी "दोन वर्षं, दोन वर्षं" म्हणताना कोणाच्या लक्षात येत नाही. फॉल २०२७ ला जायचं तर अर्ज जातो २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या अर्जात ग्रेड्स कशाच्या दिसणार, तर पहिल्या फॉलच्या चार जीईच्या, मग कॅल्क १, प्रोग्रॅमिंग १ आणि समरचा एक कोर्स. जानेवारीत अपडेट भरताना फॉलच्या ग्रेड्स जातात, ठीक आहे, पण तरी सीएसला घ्यावं की नाही हे ठरवणाऱ्यासमोर मोजून दोन सेमिस्टर आणि एका समरचा खरा पुरावा आहे. तीन वर्षांच्या प्लॅनमध्ये अर्ज जातो २०२७ च्या नोव्हेंबरला, तेव्हा पूर्ण कॅल्क, फिजिक्स, डेटा स्ट्रक्चर्स सगळ्याच्या ग्रेड्स पानावर असतात. त्यामुळे तुम्ही ज्याला वर्ष वाया म्हणताय ते वर्ष अर्जात सगळ्यात जास्त काम करणार आहे.

खर्चाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेज ४६ डॉलर युनिटला पडतं, वर्षाची तीस युनिट्स धरली तरी १,३८०, वर पुस्तकं आणि बारीकसारीक फी. यूसीची नुसती फी वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास आणि राहणं-खाणं वेगळं. तेव्हा तिसरं वर्ष पैशाने महाग नाही. तीन वर्षांत युनिट्स जास्त होतील अशी एक भीती असते, तर यूसी कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त सत्तर सेमिस्टर युनिट्स डिग्रीत धरते, वर झालेले कोर्स प्रीरेक (पुढच्या कोर्सची पूर्वअट) म्हणून चालतात आणि नुसत्या कम्युनिटी कॉलेजच्या जादा युनिट्समुळे कोणी प्रवेश नाकारत नाही. अडीच वर्षांचा मधला मार्ग सुचवतील कोणी, पण यूसीचे बहुतेक कॅम्पस ट्रान्सफरला फॉललाच घेतात, त्यामुळे अडीचचे तीनच होतात.

तुमच्या पत्रात व्हिसाचं काही नाही म्हणजे तुम्ही बहुधा त्यातून सुटलेले आहात. पण हे वाचणाऱ्यांत एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) मुलं असलेली घरं बरीच असणार, त्यांच्यासाठी दोन की तीन हा प्रश्न एवढा सरळ नाही. एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपतो, त्याआधी दुसरं स्टेटस लागतं, एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) घेतला तर फुल टाइम म्हणजे बारा युनिट्स ठेवावी लागतात आणि रेसिडेंट फीचा प्रश्न नव्याने उभा राहू शकतो, तिथे फीचा फरक फार मोठा असतो. एकविसावा वाढदिवस कुठल्या सेमिस्टरमध्ये येतो ते त्याच साखळीच्या कागदावर लिहा आणि वकील आणि कॅम्पसचं रेसिडेन्सी ऑफिस, दोन्हीकडे विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

आता असिस्ट डॉट ओआरजी. मुलगा बघत असेलच, नसेल तर आज बघू दे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कॉलेजांचं अधिकृत आर्टिक्युलेशन तिथेच असतं. आपलं कॉलेज, तिकडचा कॅम्पस, मेजर टाकलं की डावीकडे त्यांचे कोर्स, उजवीकडे आपले. चार कॅम्पस निवडायचे आणि चारही शेजारी शेजारी मांडायचे, कारण सीएस म्हणजे सगळीकडे एकच नसतं. कुठे फिजिक्सची सिरीज मागतात, कुठे नाही. यूसीएलएचे सुरुवातीचे कोर्स सी प्लस प्लसचे, बर्कलीत आधी पायथन आणि मग जावा, सॅन डिएगोला बरंचसं जावा, त्यामुळे आपल्या कॉलेजातला कुठला प्रोग्रॅमिंग कोर्स घ्यायचा हे सुद्धा कुठे जायचंय त्यावर ठरतं. चारही ठिकाणी जे कॉमन आहे ते आधी घ्यायचं. वर वर्ष निवडायचा पर्याय असतो, ज्या वर्षी कोर्स घेतला त्या वर्षीचं ॲग्रीमेंट धरतात, म्हणून दरवर्षीची पीडीएफ उतरवून ठेवायची. कधी कधी उजवीकडे "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" असं येतं, म्हणजे आपल्या कॉलेजात त्याला जोड नाही, मग शेजारच्या कॉलेजात आहे का ते बघायचं.

शेजारच्या कॉलेजावरून आठवलं, समरला डी अँझा किंवा फूटहिलला कॅल्क घेऊ का असं मुलं विचारतात. ही दोन्ही क्वार्टर सिस्टिमची आहेत, तिकडे कॅल्क चार क्वार्टरमध्ये विभागलेलं आणि तुमच्या मुलाच्या कॉलेजात तीन सेमिस्टरमध्ये. एक तुकडा इकडचा, एक तिकडचा असं केलं की मधलाच एखादा टॉपिक राहून जातो आणि आर्टिक्युलेशनही फाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी पूर्ण सिरीज एकाच कॉलेजची मागतात. डिस्क्रीट किंवा जीईसारखा सुटा कोर्स बाहेर घ्या खुशाल, सिरीज मात्र एकाच ठिकाणी. आणि सहा आठवड्यांच्या समरमध्ये कॅल्क २ घेऊ नये असं माझं मत आहे, कोणी पार पाडतं, पण बहुतेकांची ग्रेड पडते आणि सी आला की तो कोर्स परत घेता येत नाही, सी म्हणजे पास. एका कोर्सला मोजकेच अटेम्प्ट मिळतात हे पण मुलाला माहीत असू दे.

यूसीचे सहा कॅम्पस, डेव्हिस, अर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, टॅग देतात, म्हणजे त्यांच्या अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. टॅग एकाच कॅम्पसला टाकता येतो आणि तो सप्टेंबरमध्ये भरायचा असतो, मुख्य अर्जाच्या आधी, हे विसरून बऱ्याच जणांची तारीख जाते. सीएसला काही कॅम्पस टॅग देतच नाहीत किंवा जीपीए चढा ठेवतात, त्यामुळे त्या वर्षीचा तक्ता बघूनच ठरवायचं. दुसऱ्या मेजरने आत शिरून मग सीएसला वळू, हा बेत तर अजिबात धरू नका, आत गेल्यावर सीएसला बदलणं बऱ्याच कॅम्पसवर जवळपास बंद आहे. आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) तुमच्या पत्रात कुठेच नाही. सॅन होजे स्टेट फ्रीमाँटपासून किती लांब आहे सांगा बरं? सीएसयूसाठी एडीटी नावाची असोसिएट डिग्री असते, ती केली की सिस्टिममध्ये कुठेतरी जागा नक्की, हव्या त्याच कॅम्पसला मात्र नक्की नाही. दोन-तीन सीएसयू यादीत असलेच पाहिजेत.

राहिलं लोकांचं. कम्युनिटी कॉलेजातून यूसी हा काही मागचा दरवाजा नाही, १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियाने तो रस्ता मुद्दाम बांधलाय, दर दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर घ्यायचा असं यूसीचं धोरण आहे आणि त्यात बहुसंख्य मुलं इथल्या कम्युनिटी कॉलेजांचीच असतात. डिग्रीवर ट्रान्सफर असं कुठे लिहीत नाहीत. मंडळात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मुलगा शेजारी उभा असताना "लोकल कॉलेज" असं पुटपुटू नका, त्याला ते ऐकू जातं आणि पुढच्या वेळी त्याला एखादा कोर्स जड गेला की तो तुम्हाला सांगणार नाही.

आता ठामपणे सांगावं का, तर नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलाने स्वतःहून "कॅल्क आत्ता" आणि "तीन वर्षं" म्हटलं. याचा अर्थ त्याने साखळी बघितलीय, घरात कोणीच बघितलेली नसताना. तसंही फर्पा या विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे कॉलेज तुमच्याशी त्याच्या लेखी परवानगीशिवाय बोलणार नाही, काउन्सेलरची अपॉइंटमेंट त्यालाच घ्यायची आहे. तुम्ही त्याला म्हणा, बाबा रे, तुझी साखळी मला एकदा कागदावर दाखव, कुठला कोर्स कशाच्या आधी आणि का. त्याला नीट सांगता आलं तर प्लॅन त्याच्या हातात द्या. अडखळला तर दोघं मिळून असिस्ट उघडा. दोन की तीन हे आज ठरवायचीही गरज नाही, येत्या ऑगस्टमध्ये स्प्रिंग आणि समरच्या ग्रेड्स बघून ठरवता येईल, तोपर्यंत दोन्ही प्लॅनमध्ये घ्यायचे कोर्स तेच आहेत. मला विचाराल तर तीन.

फक्त कॅल्क १ चं आत्ता बघा, सेक्शन भरलेले असणार. वेटलिस्टला नाव टाकायला सांगा, पहिल्या दिवशी वर्गात हजर राहून प्रोफेसरकडे ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा) मागायला सांगा, पहिल्या आठवड्यात बरीच मुलं गळतात. स्टॅट लगेच सोडू नका, कॅल्कमध्ये जागा पक्की झाली की मग ड्रॉप करू दे, पण डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा) न लागता ड्रॉप करायची आणि फी परत मिळायची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असते, ती आधी बघून ठेवा.